आखूड पट्टा

उताराची शर्यत सुटायला दहा मिनिटं होती. वैजूने शेवटचं तपासायला सायकल उलटी केली. मागच्या डिरेलरखाली, म्हणजे गिअर बदलणाऱ्या यंत्रणेखाली, साखळी ताणून धरणारा जुना, लांब लोखंडी पट्टा पुन्हा लटकत होता. तो दगडांवर आपटतो म्हणून तिने आठवडाभर कापून, कानशीने घासून दुसरा आखूड पट्टा बनवला होता. तो आता दादाच्या सायकलवर होता.

“बाबांनीच बदलला,” दादा निर्लज्जपणे हसला. “पदक मी आणणार, वैजे. तू आपली हौसेने आलीस.”

त्याची साखळी मात्र जुनीच, लांब होती. आखूड पट्ट्याला ती ताणून धरता येणार नव्हती. गप्प बसावं, असं वाटलं आणि त्या विचाराचीही तिला किळस आली.

“दादा, साखळीच्या चार कड्या काढ. नाहीतर उतारावर निसटेल.”

“आली मोठी मिस्त्रीण!” बाबा म्हणाले.

एकेकाला सोडत होते; दादा तिच्याआधी सुटला आणि ती उतरताना तिला अर्ध्या उतारावर उभा दिसला. साखळी मातीत लोळत होती.

“वैजे, थांब! तुझी सायकल दे इकडे!”

लांब पट्ट्यावर दगड खणखणत होते. तिने ब्रेकवरची बोटं उचलली.