रोहिणीनं मागवलेलं पुस्तक

रोहिणी गेल्याचा फोन नगरच्या दवाखान्यातून आला, त्याच दुपारी मिरजगावात घरी तिच्या नावाचं पार्सल आलं. आत चित्रांचं पुस्तक होतं. सगळे जिला मुलगा समजतात, पण आपण मुलगी आहोत हे जिला पक्कं ठाऊक असतं, अशा एका पोरीची गोष्ट. तिचं आणि तिचा नवरा वाल्मिकचं सात वर्षांचं लेकरूही "मी मुलगीच हाय" म्हणायचं. म्हणून तर रोहिणीनं ते हुडकून मागवलं होतं.

दहाव्याला कावळा काही पिंडाला शिवेना. वाल्मिकचा धाकटा भाऊ आसाराम हात जोडून म्हणाला, "वहिनी, ते पुस्तक चुलीत घालतो, पोराचं खूळ काढतो. आता घोर करू नका."

कावळा फांदीवरून हलला नाही.

वाल्मिकनं पिशवीतून पुस्तक काढलं, लेकराला मांडीवर घेतलं आणि सगळ्या भावकीसमोर अडखळत, मोठ्यानं वाचायला लागला. तिसऱ्या पानाला कावळा शिवला. लोक कपडे झटकत उठले.

"दादा, शिवला की! मिटव आता ते."



"कावळ्यासाठी वाचत न्हाई मी. बसा खाली, अजून अकरा पानं राहिलीत."