दुरंगी जास्वंद

लेक सासरी निघाली म्हणून तिच्यासोबत द्यायला भामाबाईंनी नर्सरीतल्या दुरंगी जास्वंदीची फांदी छाटली, आणि तासाभरात अख्खं झाड काळं पडलं. लेकीच्या जन्माच्या वर्षी त्यांनीच हा वाण तयार केला होता. कधी विकला नव्हता.

रोपं विकणाऱ्या कंपनीचा माणूस फाटकात हजरच. "मावशी, आमच्या झाडांच्या जनुकांत कुलूप असतं, फांदी छाटली की झाड मरतं. कुणी फांदी तोडून फुकट रोप करू नये म्हणून. पांढऱ्या माशीनं ते तुमच्या झाडात आणलं असणार."

"मेल्या, झाड माझं आणि कुलूप तुझं?"

"नवीन घ्या की." त्यानं गाडीतून कुंडी काढली. तेच दुरंगी फूल!

"ही कुठून आणलीस?"

"विसरलात? तुम्हीच फांदी दिली होती मला. पैसे नको म्हणालात."

लेकीनं पर्स उघडली.