ऐकत नाही

“मग तो उठत का नाही?” बेरिलबाईंनी विचारलं. “बाकीची सगळी पोरं पळाली. हा एकटाच बसतो. मुद्दाम!”

लायब्ररीबाहेर टोळक्याने बसणाऱ्या पोरांना हुसकावायला गावच्या कौन्सिलने तिच्या भिंतीवर एक यंत्र बसवलं होतं. वीतभर डबी. तिच्यातून बारीक, कर्कश किंकाळी सतत सुटते आणि ती फक्त पोराटोरांनाच ऐकू येते. पंचविशी ओलांडली की कान तेवढे तिखट राहत नाहीत. मोठ्यांना काही त्रास नाही, पोरं मात्र काढता पाय घेतात. ज्यांनी या यंत्राला मंजुरी दिली, त्यांच्यापैकी एकानेही त्याचा आवाज कधी ऐकलेला नव्हता.

आज कौन्सिलच्या समितीच्या टेबलासमोर लोरेन टॅटरसॉल बसली होती, वृद्धाश्रमातल्या कामाच्या निळ्या कपड्यांतच. मागच्या खुर्चीवर तिची सहा वर्षांची मेसी चित्र रंगवत होती, कारण घरी तिच्याकडे बघायला कुणी नव्हतं. लोरेनच्या थोरल्याबद्दल, पंधरा वर्षांच्या कर्टिसबद्दल, इतक्या तक्रारी आल्या होत्या की कौन्सिलने तिला भाड्याने दिलेलं घर काढून घेण्यासाठी कोर्टात जायचं की नाही, हे आज ठरणार होतं. एकदा प्रकरण कोर्टात गेलं की घर जातंच, हे तिला ठाऊक होतं. गल्लीतल्या एका घराचं तसंच झालं होतं.

अध्यक्ष ऑर्मरॉडसाहेबांनी चष्मा पुसला. “बेरिल, तुम्ही शेजारी. तुमचं काय ते सांगा.”

“काय सांगू? टीव्ही असा लावतो की माझ्या कपाटातल्या बश्या थरथरतात. भिंत ठोकून ठोकून हात दुखले माझे. आणि बोलायला गेलं की टक लावून तोंडाकडे बघत बसतो. माझ्या तोंडाकडे! वर दात काढतो.”

बसवाल्याचीही तक्रार होती. हॉर्न वाजवून तो थकला, पण हा पठ्ठ्या रस्त्याच्या मधोमध आरामात चालत राहिला. पोलिसाने मागून हाक मारली, तर याने वळूनही पाहिलं नाही. शाळेने तर केव्हाच हात टेकले होते. वर्गात लक्ष नाही, विचारावं एक तर सांगतो भलतंच, आणि पोरं हसली की लगेच मारामारी. इस्टरनंतर त्याला काढून टाकलं.

“आम्ही यंत्राचा आवाज वाढवूनही पाहिला,” ऑर्मरॉड म्हणाले. “तरी ढिम्म. मिसेस टॅटरसॉल, असला कोडगेपणा पोरगं घरातूनच शिकतं.”

लोरेन भडकली. “घरातून? साहेब, पोरांचा क्लब तुम्ही बंद केलात. पोहण्याचा तलाव बुजवलात, तिथे आता गाड्या उभ्या असतात. मी रात्रपाळी करते, दुसऱ्यांच्या आईबापांचं हगणंमुतणं काढते. पोरांनी जायचं कुठे? आणि कुठे जाऊन बसली तर तुम्ही त्यांच्या कानात सुया टोचता!”

“क्लब होता तेव्हा जायचा का तो?”

“जायचा तर! गिटार शिकायचा.”

“मग?”

“मग सोडली. कंटाळला असेल.”

“म्हणजे क्लब बंद व्हायच्या आधीच.”

ऑर्मरॉड काही वाईट माणूस नव्हते. स्वतःच्या तीन मुलांना त्यांनी नीट वाढवलं होतं, आणि तेच त्यांच्या आड येत होतं. आपल्याला जमलं ते इतरांना का जमू नये, हे त्यांना खरोखरच कळत नव्हतं.

“तुम्ही त्याला काही समजावता की नाही?”

“घसा बसेपर्यंत समजावते, साहेब. सकाळी येते तर हा अंथरुणात. दाराबाहेरून ओरडते, ऊठ रे, काहीतरी काम बघ. नाही ऐकत. कुणाचंच ऐकत नाही तो.” तिने मागे वळून मेसीकडे पाहिलं. “हरले मी. तुम्ही म्हणता तशीच आई आहे मी, घ्या. पण घर नका घेऊ. ही धाकटी आहे माझी, हिने काय केलंय?”

बेरिलबाईंनी मान खाली घातली. एवढं होईल असं त्यांनाही वाटलं नसावं.

हात वर झाले. प्रकरण कोर्टात गेलं.

लोरेन मेसीचं बोट धरून उतारावरून लायब्ररीकडे निघाली. अजून उजेड होता. कोपऱ्यावर मेसी थांबली आणि तिने दोन्ही कान गच्च दाबले.

“मी नाही येत तिकडे. डोकं दुखतं माझं.”

“दोन मिनिटं, सोन्या.”

“दादा कसा बसतो गं तिथे?”

“मला छळायला,” लोरेन म्हणाली.

मेसीला कोपऱ्यावरच उभं करून ती पुढे गेली. तिला स्वतःला तर काहीच ऐकू येत नव्हतं. कर्टिस यंत्राच्या बरोबर खाली पाठमोरा बसला होता. मांडीवर चिप्सचा पुडा होता.

“कर्टिस!”

रस्त्यापलीकडच्या दोन बायकांनी वळून पाहिलं. त्याने नाही.

आज त्याच्या कानाखाली एक ठेवूनच द्यायची, असं ठरवून ती त्याच्या समोर गेली. तिला पाहताच तो दचकला, मग हसला, आणि पुडा तिच्यापुढे धरला. अर्धे चिप्स त्याने तिच्यासाठी राखून ठेवले होते. लोरेनचं सगळं अवसान गळालं. ती तिथेच फरशीवर बसली, तोंडावर हात घट्ट धरून रडायला लागली.

“घर गेलं रे आपलं,” ती हातामागून म्हणाली. “कुठे जाऊ मी आता तुम्हाला घेऊन?”

कर्टिस गोंधळून तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने हळूच तिचं मनगट धरलं.

“आई, हात काढ ना,” तो जरा मोठ्यानेच म्हणाला. “काय म्हणतेस ते दिसत नाहीये मला.”