पान एकशे बारा

दादाने कंपनीतून लपवून आणलेलं, यंत्राच्या माहितीचं जाडजूड पुस्तक टेबलावर ठेवलं आणि दाराला आतून कडी घातली, जणू कंपनीचा पहारेकरी जिन्यातच उभा होता.

“पान एकशे बारा. दोन मिनिटांचं काम आहे. बघ आणि मोकळी हो.”

धाकटीने पुस्तकाकडे पाहिलं नाही. ती आईला खेटून बसली होती, आणि आईच्या बोटांखाली आईचं ब्रेलचं यंत्र होतं. संगणकावरची ओळ त्याच्या पट्टीवर ठिपक्यांनी वर यायची, आई ती बोटांनी वाचायची. मग जुना संगणक गेला आणि नव्यावर यंत्र बनवणाऱ्या कंपनीचा, म्हणजे दादाच्याच कंपनीचा, प्रोग्रॅम चालेना. नवं यंत्र घ्या, कंपनीने सांगितलं. धाकटीने स्वतःच प्रोग्रॅम लिहायला घेतला, कुणालाही फुकट वापरता येईल असा, आणि कंपनीकडे यंत्राची माहिती मागितली. दीड ओळीचं उत्तर आलं. माहिती गोपनीय आहे.

तेव्हापासून मायलेकी अंदाजाने चालल्या होत्या. पट्टीचा डावा अर्धा भाग जागा झाला होता. उजव्याला उठवणारा आकडा काही सापडेना. पासष्ट हजारांतला कुठलातरी एक. लेक आकडा पाठवायची, आई बोटाने चाचपून सांगायची. एकोणीस हजार झाले होते.

“पकडला गेलो तर नोकरी माझी जाईल, तुझी नाही,” दादा म्हणाला. “आईने तीन महिन्यांत एक ओळ वाचलेली नाही. चुलीत घाल तुझी तत्त्वं.”

धाकटीचा हात पुस्तकापर्यंत गेला. खरं तर तिला रडूच येत होतं. तिने हात मागे घेतला.

“मी हे पान पाहिलं तर तुमच्या कंपनीचे वकील चोरीचा माल म्हणून प्रोग्रॅम बंद पाडणार. आईचं भागेल. हेच यंत्र बंद पडलं म्हणून मला रोज पत्रं लिहितात त्या बाकीच्यांनी काय करायचं?”

“मग तोंडी सांगतो. आकडा पाठ आहे मला.”

“ऐकलं काय नि पाहिलं काय, एकच.”

“बघू इकडे,” आई म्हणाली.

दादाने घाईघाईने पान काढून पुस्तक तिच्यापुढे सरकवलं. आईने पानावरून वरपासून खालपर्यंत हात फिरवला. मग पुन्हा एकदा, सावकाश.

“गुळगुळीत आहे रे. मला यात काही लागत नाही.” तिने पुस्तक मिटून त्याच्या हातात दिलं. “ने परत. आणि उन्हाचा आलायस, आधी पाणी पी.”

दादा पाणी प्यायला आणि पुस्तक मांडीवर घेऊन समोरच्या खुर्चीत बसला.

“एकोणीस हजार चारशे दहा,” धाकटी म्हणाली.

“नाही,” आई पट्टी चाचपून म्हणाली.

“चारशे अकरा.”

“नाही. पुढचा.”

धाकटी थबकली. लहानपणी पत्त्यांत दादा कायम हरायचा. हातात एक्का आला की त्याचं तोंडच सांगायचं.

“दादा, खुर्ची भिंतीकडे फिरव.”

  त्याने खुर्ची उचलून फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

“चारशे बारा,” त्याच्या पाठीमागे धाकटी म्हणाली.