पिस्टनची जोडी

“आजही नाही,” असं म्हणत श्यामरावांनी पिस्टन पारड्यातून उचलला. सरलाने चहाचा कप खिडकीत ठेवला आणि ती आत गेली.

औषधवाल्याकडून मागून आणलेला काटा खिडकीच्या गजाला टांगलेला होता. एका पारड्यात फटफटीचा जुना पिस्टन, दुसऱ्यात मल्लिक बाजारातल्या जुन्या सुट्या भागांतून शोधून आणलेला. श्यामरावांनी तिला लहान मुलाला समजवावं तसं समजावलं होतं. इंजिनात हे दोघे शेजारी शेजारी वर-खाली धावतात. एक जड असला की इंजिन हादरतं, आणि हादरता हादरता एक दिवस मोडतं. म्हणून जड असेल तो आतून कानशीने घासायचा, तोलायचा, पुन्हा घासायचा. तिला ते नीट समजलं होतं. त्यांना वाटलं त्याहून नीट.

गेल्या हिवाळ्यात डायमंड हार्बर रोडवर धावत्या गाडीत एक पिस्टन अडकला, मागचं चाक जागीच थांबलं आणि श्यामराव रस्त्यावर फेकले गेले. घरी येऊन ते हसले होते. “माणूस शाबूत, पिस्टन गेला.” मागून आलेली लॉरी डोक्यापासून हातभर अंतरावरून गेली, हे सरलाला नंतर कळलं, त्यांच्या कचेरीतल्या श्रीकांतकडून.

फटफटी विकून टाका, असं तिने सांगून पाहिलं. पण या बंगाली शहरात बेहाल्यापासून गार्डन रीचपर्यंत साऱ्या मराठी घरांत ते ‘फटफटीवाले’ होते. गणपतीच्या मिरवणुकीत सर्वांत पुढे त्यांचीच गाडी. ऐकतील कशाला?

मग ते ट्रामने कचेरीत गेले की दुपारी ती कानस उचलू लागली. हलका असेल तोच पिस्टन आणखी थोडा घासायचा आणि पडलेली भुकटी पुसून घ्यायची. कधी तिने दोनच हात फिरवलेले असत, तरी दुसऱ्या दुपारी काटा भलताच कललेला दिसे. संध्याकाळच्या उजेडात त्यांना दिसत नसेल, असं म्हणून ती हळहळे.

श्यामराव चिडत नसत, हेच तिला सोसत नव्हतं. रस्त्यावरून लॉरी गेली की खिडकीचे गज थरथरत आणि काटा डुलू लागे. तो थांबेपर्यंत ते कानस खाली ठेवून, तळवे गुडघ्यांवर दाबून बसत.

रविवारी श्रीकांत आला. “काय फटफटीवाले, यंदा गणपती ट्रामने आणायचा का?” आल्या आल्या त्याने विचारलं. मग, निदान माझ्या नव्या स्कूटरवर मागे बसून एक चक्कर तरी मारा, म्हणून त्याने फार आग्रह केला. वहिनींनाही मध्ये ओढलं.

“तुझ्या मागे बसण्यापेक्षा माझी होईपर्यंत थांबेन,” श्यामराव म्हणाले.

तो गेल्यावर मात्र ते बराच वेळ स्वतःचे तळवे पाहत राहिले. “हात गेला गं माझा,” ते म्हणाले. “आता माझ्यानं काही व्हायचं नाही.”

 ते गाडीवरून पडतील म्हणून सरला हे करत होती, आणि ते तर घरात बसल्या बसल्या रोज थोडे थोडे ढासळत होते. तेही तिच्याच हातून. सांगावं तर कुठल्या तोंडाने?

सोमवारी दुपारी देवापुढे दिवा लावून तिने कानस घेतली, आणि या खेपेला जड पिस्टन घासला. घासायचा, तोलायचा, पुन्हा घासायचा. त्यांनीच शिकवलं होतं. अखेर काट्याची जीभ मधोमध येऊन थांबली. पारडी तशीच ठेवून ती उठली. गाडी सुरू होईल तेव्हा होवो. काल आपणच घासलेलं जुळलं असं त्यांना वाटेल, आणि आज निदान त्यांचा हात त्यांना परत मिळेल.

संध्याकाळी ते आले, कोट काढून खिडकीशी बसले. स्वयंपाकघराच्या दारातून तिला त्यांची पाठ दिसत होती आणि खांद्यावरून काटा. दोन्ही पारडी एका रेषेत, जीभ सरळ. ते बघतच राहिले. बाहेरून एक लॉरी गेली, पारडी डुलली, आणि पुन्हा एका रेषेत येऊन थांबली. तळवे गुडघ्यांवरून उचलायला त्यांना बराच वेळ लागला.

“आजही फरक आहे गं,” मागे वळून न पाहता ते म्हणाले, आणि हाताला आला तो पिस्टन उचलून त्यांनी कानस चालवायला सुरुवात केली.