आदिवृक्षाचे रक्षक

दुपारपासून माई बांधलेली पिशवी मांडीवर घेऊन दाराशी बसल्या होत्या. अंबरनाथला थोरल्या मुलाकडे, दिनानाथकडे, राहायची त्यांची चार महिन्यांची पाळी संपली होती आणि धाकटा बदलापूरहून आला होता. पण आल्यापासून दोघे भाऊ नव्या संगणकावरच्या खेळात गुंतले होते. त्यातल्या प्राचीन रक्षकांनी आदिवृक्षाला आगीत सोडून फक्त बिया वाचवल्या होत्या. "बीज राखणं हाच धर्म," दिनानाथ म्हणाला. "ज्याच्या सावलीत वाढले त्यालाच सोडून? दादा, याला कृतघ्नपणा म्हणतात," धाकटा कळवळला. चहाचे कप तिसऱ्यांदा उचलताना कुंदाचा संयम सुटला. "भावजी, त्या रक्षकांचा निवाडा झाला असेल तर माईंना न्या आता." पडद्यावरून नजर न काढता तो म्हणाला, "वहिनी, तेच सांगायला आलो. पुढच्या महिन्यात नेतो." कुंदा उत्तर देणार तोच माईंनी पिशवीतली जपमाळ काढून भिंतीवरच्या खिळ्याला पुन्हा अडकवली.