बाक कोण मोडतं?

कपडे धुण्याच्या मशीनमध्ये काहीतरी खडखडत होतं. तिने मशीन थांबवलं, ओल्या कपड्यांत हात घातला आणि बाबांच्या पँटच्या खिशातून पितळी स्क्रू काढले.

"बाबा, खिसे रिकामे करून कपडे टाकायला काय होतं? मशीन बिघडलं म्हणजे?"

"बिघडू दे की. मी आहे ना." बाबांनी हात पुढे केला. "आण ते इकडे. लागतात."

बाबांनी उभा जन्म शाळेत सुतारकाम शिकवलं. आई गेल्यावर ते लेकीकडे राहायला आले, ते पटाशी, रंधा, गिरमिट असा सगळा हत्यारांचा संसार पिशवीत घालून. करकरणारी दारं त्यांनी मुकी केली. डगमगणारं टेबल ताळ्यावर आणलं. मग घरात मोडकं काही उरलंच नाही. तेव्हापासून ते खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालत. ती ऑफिसचं काम घरूनच करायची. त्या येरझाऱ्यांनी तिचं डोकं उठे. "एका जागी बसा ना जरा," असं म्हटलं की ते बसत. गुडघा मात्र हलत राही.

आताही ते खिडकीशी थांबले.

"बाक मोडलाय गं पुन्हा." आवाजात काळजी होती, पावलांत नव्हती. पिशवी खांद्याला लागलीही होती.

समोरच्या बागेत शाळा सुटल्यावर पोरं गोळा होत. कोपऱ्यातल्या बाकावर कोंडाळं करून बसत, येणाऱ्या-जाणाऱ्यांची टिंगल करत, कुंपणाच्या गजांवर काठ्या खडखडवत. त्या बाकाची मधली फळी सारखी निघे. ती पोरंच काढतात, हे सगळ्या वस्तीला ठाऊक होतं.

"त्या टवाळांनी मोडलाय ना? मग बसू दे त्यांना मातीत."

"तू पण चल की खाली. एक हात कमी पडतो."

"कामात आहे, बाबा."

"बरं."

थोड्या वेळाने खालून त्यांचा आवाज आला. "अरे बोक्या, फळी धर. धर म्हटलं, मिठी मारू नकोस!"

"असू दे, आजोबा, त्याला दुसरं कोण मिळणार!" पोरं फिदीफिदी हसली. बाबाही हसले. तिने खिडकी लावून घेतली.

ते परतले तेव्हा हात मातीने भरलेले होते. "एक स्क्रू कमी पडला," ते म्हणाले. "कुठे गेला कोण जाणे."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा उठले नाहीत.

काही आठवड्यांनी मशीन पुन्हा खडखडलं. आत फक्त तिचे कपडे होते. तळाच्या फटीतून एक पितळी स्क्रू निघाला. ती कधी नव्हे ते बागेत गेली. बाकाच्या मधल्या फळीत एकच भोक रिकामं होतं. स्क्रू त्यात चपखल बसला. म्हणजे त्या दिवशी बाक मोडल्याचं कळण्याआधीच त्याचे स्क्रू बाबांच्या खिशात होते. तिने तो काढून घेतला आणि घरी आली. कोणाजवळ एक अक्षर बोलली नाही. तेव्हापासून तिलाही एका जागी बसवेना. खिडकीपासून दार, दारापासून खिडकी.

वस्तीची बैठक भरली त्या दिवशीही तिने दोनदा खुर्ची बदलली. बागखात्याचे साहेब तावातावाने बोलत होते.

"वर्षभर एकच बाक, एकच फळी. आणि तोडलेली नाही, पेचकसाने सोडवलेली! कार्टी हत्यारं घेऊन हिंडतात. उद्यापासून बागेला कुलूप, आणि यांची नावं पोलिसांत."

"कुलूप घाला, दुसरं येतं काय तुम्हाला?" बोक्याची आई उसळली. "मैदानात गाड्या उभ्या केल्यात, वाचनालय बंद पाडलंत. पोरांनी जायचं कुठे? तुमच्या डोक्यावर?"

"जन्म तुम्ही द्यायचा आणि वळण पालिकेने लावायचं?"

"वळण लावायला घरी असावं लागतं, साहेब. मी दोन ठिकाणी राबते."

शेजारचे काका तिच्याकडे वळून हळहळले. "तुझे बाबा, मास्तर बिचारे. या कार्ट्यांचं निस्तरता निस्तरता गेले."

पोरं मागच्या भिंतीला टेकून उभी होती. साहेबांनी बोट रोखलं. "शेवटचं विचारतोय. बाक कोण मोडतं?"

बोक्याने जमिनीकडे पाहिलं. मग तिच्याकडे. इतकं सरळ, की त्याला सगळं माहीत आहे हे तिला कळलं.

"मी," तो म्हणाला. "बाकीच्यांचा संबंध नाही."

त्याच्या आईने कपाळावर हात मारला.

"मग आता दोन महिने का नाही मोडलास?" साहेबांनी विचारलं.

बोक्याने खांदे उडवले. "कंटाळा आला."

साहेबांनी पेन उघडलं. तिच्या मुठीतला स्क्रू तळव्यात रुतला होता. ती उठली, पुढे गेली आणि तो साहेबांसमोर टेबलावर ठेवला.

"खोटं बोलतोय तो. बाक माझे बाबा मोडायचे."

"अगं, काहीतरीच काय!" काका म्हणाले. "मास्तर कशाला मोडतील?"

"दुपारी फळी काढून ठेवली, की संध्याकाळी या मुलांना हाक मारता यायची." ती सगळ्यांकडे वळली. "या पोरांना कोणी सांभाळायचं, यावर तुम्ही मघापासून भांडताय. माझ्या बाबांना वर्षभर यांनी सांभाळलं. ते काम माझं होतं."